ढाबळीवरचं घड्याळ

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त होत नाही, ती बंद करून पुन्हा चालू केली जाते. भाताचा कुकर, पंखा, स्कूटर, पाण्याचा पंप, सगळ्यांना एकच औषध. एकदा मी कशावरून तरी फुगून बसले होते, तर रुई-थांग चपला घालून जिना उतरला, खाली दाराशी जरा वेळ उभा राहिला आणि वर येऊन जणू आत्ताच ऑफिसातून आल्यासारखा म्हणाला, "काय, जेवण झालं का?" मला हसू आवरेना. म्हणजे औषध लागू पडलं. तेव्हापासून या उपचारावरची त्याची श्रद्धा जी घट्ट झाली ती झालीच, आणि त्यात माझ्या हसण्याचा वाटा आहे हे मला नाकारता येत नाही.

फान रुई-थांग हा माझा नवरा. शिनचू शहरात मदरबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत तो आहे. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. तिचे बोर्ड दुसऱ्यांच्या नावाच्या डब्यांत बसून जगभर जातात आणि तिचं नाव फक्त आमच्या पगाराच्या पाकिटावर असतं. तिथे त्याचं काम म्हणजे कॉम्प्युटर चालू करायचा, तो जागा होताना पाहायचा, बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. जागा झाल्यावर त्यावर लोक जे काही करतात, त्याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. माझ्या आईची बरीच वर्षं समजूत होती की जावई बटण दाबायच्या नोकरीवर आहे. मी तिला एकदा बसून नीट समजावलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, म्हणजे बटणच की.

पण त्या बटणामागे काय असतं ते मला आमच्या पहिल्या भेटीतच कळलं होतं. दोन्हीकडच्या मावश्यांनी ठरवून चहाच्या दुकानात आम्हाला समोरासमोर बसवलं आणि मी शिष्टाचार म्हणून विचारलं की आपण काय करता. त्यावर त्याने चहाची अख्खी किटली संपेपर्यंत सांगितलं. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचा वेग ठाऊक नसतो. खोक्यावर छापलेला असतो, पण छापलेल्यावर तो विश्वास ठेवत नाही. बोर्डावर एक साधं, संथ, भरवशाचं घड्याळ असतं. हे घड्याळ एवढंसं पुढे सरकेपर्यंत आपल्या प्रोसेसरचे ठोके किती पडतात, ते तो मोजतो. डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. जो आकडा येतो तोच आपला वेग, असं एकदा ठरलं की बंद होईपर्यंत तो त्यावर पुन्हा शंका घेत नाही. पुढे दिवसभर ठोके मोजूनच तो वेळ सांगतो. सुरुवातीचं माप जरा चुकलं, तर सगळा दिवस चुकतो, आणि त्याला पत्ताही नसतो.

मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, किती गंभीर आणि सखोल माणूस आहे. गंभीर वगैरे तो अजिबात नाही. त्याच्याकडे दुसरा विषय नव्हता.

आपल्या बोर्डांवर हे माप केसभरही चुकत नाही, याचा त्याला भारी अभिमान. चोवीसशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असला की स्क्रीनवर चोवीसशे नाहीतर त्याला एक कमी, एवढंच. त्या एका कमीवरूनही गिऱ्हाइकांची पत्रं यायची की आम्हाला माप कमी दिलं. रुई-थांग त्यांना सभ्य उत्तरं लिहायचा आणि घरी येऊन मला वाचून दाखवायचा. मी भाजी चिरता चिरता त्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायची. कॉलेजात इतिहास शिकून मी शेवटी या कामाला लागले.

माझं माहेर शिनपू गावात, ऑफिसपासून स्कूटरवर फार लांब नाही. बाबांचा तांदळाच्या चपट्या शेवयांचा कारखाना होता. आता तो भावाने घेतला आहे आणि बाबांनी गच्चीवरची कबुतरांची ढाबळ. ढाबळ तशी आधीपासूनच होती, शेवया मध्ये मध्ये यायच्या. आमच्याकडे शर्यतीची पाखरं बोटीने समुद्रात नेऊन सोडतात. टप्प्याटप्प्याने अंतर वाढतं आणि वारा, ससाणे, लोकांची जाळी यांतून दर टप्प्याला पाखरं कमी होतात. हंगामाच्या शेवटी एखादं उरलं तरी माणूस पुढचे सहा महिने ताठ मानेने चालतो. बाबांचं शेवटपर्यंत कधी उरलं नव्हतं. शर्यती भरवणाऱ्या मंडळाचे चोंग काका म्हणायचे की पंगची, म्हणजे बाबांची, पाखरं फार संसारी आहेत, वाटेत कुणाचं घर आवडलं की तिथेच राहतात.

त्या हिवाळ्यात मात्र एक करड्या रंगाची मादी टिकून राहिली. बाबा तिला थोरली मावशी म्हणत, कारण ती आईच्या थोरल्या बहिणीसारखी मान पुढे काढून, सगळ्यांवर नजर ठेवत चालायची. आई हे न ऐकल्यासारखं करायची. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि हा त्यांचा शेवटचा हंगाम, असं आईने जाहीरही करून टाकलं होतं. म्हणजे मावशी आली तर आली, नाहीतर ढाबळीच्या जागी गच्चीवर आईची मोहरीची पानं वाळत पडणार.

त्याच हंगामात पाखरांची वेळ नोंदवायचं बाबांचं जुनं, चावीचं घड्याळ मेलं. पाखराच्या पायात कडी असते, ते ढाबळीच्या दारातल्या पाटीवरून आत आलं की वेळ आपोआप नोंदवणारे डबे तोवर बाजारात आले होते. बाबा तसा डबा आणायला निघाले, तर आपल्या घरात इंजिनिअर असताना दुकानात जाणं लोकांना कसं दिसेल, असं मी म्हणाले. बोलून गेले. मग माझी लाज राखायला रुई-थांगने ऑफिसात टाकून दिलेला एक बोर्ड रीतसर विचारून आणला, त्यावर फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम घातली, पाटी जोडली आणि सगळं पत्र्याच्या डब्यात बसवलं. डब्यावर मक्याच्या कुरकुरीत फुग्यांच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. ते ठेवल्याशिवाय आमच्याकडे बँकेचं यंत्र असो की विमानतळाचं, गुणी मुलासारखं वागत नाही. पाकीट हिरवंच लागतं, आणि तारीख उलटलेलं चालत नाही.

डबा पहिल्यांदा चालू करायला त्याने ऑफिसातला कीबोर्ड आणला होता. गोल पिनेचा, जुना, चहा सांडून पिवळा पडलेला. चाचणीच्या खोलीत सगळे तसलेच आहेत, मरत नाहीत म्हणून कुणी बदलत नाही. काम झाल्यावर ऑफिसची वस्तू म्हणून तो इमानदारीने परत घेऊन गेला आणि चालू डब्याला नवा कोरा, चपट्या यूएसबी पिनेचा कीबोर्ड लावून ठेवला. आठवडेच्या आठवडे डबा अखंड चालला. चोंग काका शर्यतीआधी मंडळाचं घड्याळ घेऊन स्कूटरवर घरोघर फिरतात. आमच्या डब्याची वेळ त्यांच्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळली. त्यांनी डब्याच्या झाकणावर कागदी सील चिकटवलं, सही केली आणि बाबांना म्हणाले की जावई कामाचा दिसतो. बाबांनी त्या दिवशी रुई-थांगला स्वतःच्या हाताने चहा ओतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण चहा नेहमी आई ओतायची.

शेवटच्या टप्प्याच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शिनपूला गेलो. पाखरं पहाटेच समुद्रात सुटली होती. बाबा गच्चीवर स्टुलावर बसून उत्तरेकडे बघत होते आणि कुणाशी बोलत नव्हते. रुई-थांग डब्याभोवती घिरट्या घालायला लागला. इतके आठवडे सतत चालू आहे, थकलं असेल, ऐन वेळी अडलं तर काय, असं पुटपुटत होता. बाबांनी विचारलं की हात लावायला परवानगी आहे का. सील झाकणाला आहे, मी फक्त बटण दाबतो, असं म्हणून त्याने डबा बंद केला आणि पुन्हा चालू केला. स्क्रीनवर ओळी सरसर वर गेल्या. त्याने त्या वाचल्या नाहीत. आपल्या बोर्डाची ओळ काय वाचायची, ती पाठच असते.

"आता ताजातवाना झाला," तो म्हणाला आणि खाली येऊन दोन वाट्या शेवया जेवला.

दुपारी मावशी आली. मी जिन्यातून वर येत होते तेव्हा बाबांनी हात वर केला, गप्प राहा म्हणून. एक करडा ठिपका देवळाच्या छपरावरून वळला, पंख मिटून खाली आला, ढाबळीच्या दारात क्षणभर थांबला. तिने मान पुढे काढून आम्हा सगळ्यांवर नजर टाकली आणि आत गेली. डबा वाजला. बाबा उठले ते गुडघ्यांना न विचारताच. फोनाफोनी झाली, आकडेमोड झाली आणि संध्याकाळपर्यंत कळलं की मावशी दुसरी आली आहे. आईने मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं की तुझं पाखरू दुसरं आलं, आणि तिकडून कसलं पाखरू म्हणून विचारल्यावर विषय बदलला.

अंधार पडायच्या आत चोंग काका मंडळाचं घड्याळ घेऊन पुन्हा आले. शर्यतीनंतरही वेळ ताडून बघायची असते. त्यांनी आपलं घड्याळ डब्याच्या स्क्रीनशेजारी धरलं आणि धरूनच ठेवलं. मग चष्मा काढून पुसला. डबा जवळजवळ एक मिनिट मागे होता.

आमच्या शर्यतीत पहिल्या दहांमध्ये मिनिटाचंही अंतर नसतं. आणि घड्याळ मागे असलं की पाखरू लवकर आलेलं दिसतं. हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं, एकट्या रुई-थांगला सोडून.

"मधे कुणी हात लावला होता का याला?" काकांनी विचारलं.

"सकाळी मी एकदा बंद करून चालू केला," रुई-थांग आनंदाने म्हणाला. "ताजा असावा म्हणून."

काकांनी बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी जमिनीकडे.

देवळाला लागून मंडळाची खोली आहे. तिच्या भिंतीवर सभासदांच्या नावांच्या लाकडी पाट्या ओळीने टांगलेल्या आहेत. कुणी वेळेत लबाडी केली की त्याची पाटी भिंतीकडे तोंड करून लावतात. ती पुन्हा सुलट होत नाही, माणूस मेला तरी. तशा दोन पाट्या तिथे आहेत. नावं दिसत नसली तरी ती कुणाची हे गावातल्या पोरांनाही पाठ आहे, आणि त्या घरांत मुलगी देताना लोक अजून दोनदा विचार करतात. रविवारी सगळ्यांनी बसायचं ठरलं. मधल्या दिवसांत बाबा ढाबळीवर गेले नाहीत, भावाने दाणे टाकले. आई मला फोनवर म्हणाली की दुसरा नंबर गेला तर जाऊ दे, पण पाटी फिरली तर हा माणूस देवळासमोरून जायचा नाही.

रुई-थांगला तोवर उमगलं होतं. बंद करून चालू करणं म्हणजे काटे फिरवायला मिळालेली संधी, असंच लोक म्हणणार. त्याच्याकडे एकच उत्तर होतं, की सुरू होताना यंत्र आपला वेग नव्याने मोजतं आणि त्या वेळी मोजणी चुकली असावी. मी विचारलं की तू तर म्हणायचास तुमच्या बोर्डावर केसभर चुकत नाही. तो म्हणाला की त्या केसाचं काय करायचं ते रविवारी सगळ्यांसमोर बघू. ऑफिसातून येताना त्याने सवयीने गोल पिनेचा कीबोर्ड पिशवीत टाकला.

रविवारी खोली भरली होती. चहाचे छोटे पेले फिरत होते आणि सगळे मुद्दाम हवापाण्याचं बोलत होते. दाणेवाला ल्यू पुढच्याच खुर्चीवर होता. त्याचं पाखरू आमच्या मावशीमुळे दुसऱ्याचं तिसरं झालं होतं. तो वाईट माणूस नाही, पण त्याचे दाणे बाबा घेत नाहीत हेही खरं. रुई-थांगने डबा टेबलावर ठेवला, हिरवं पाकीट वर ठेवलं, कीबोर्ड जोडला आणि सांगायला सुरुवात केली. वैद्य नाडी मोजतो ना, वाळूचं घड्याळ उलटं करून, वाळू संपेपर्यंत ठोके मोजतो, तसंच हे यंत्र जागं होताना करतं. मोजणी बिघडली की आकडा बदलतो. आता मी ते दाखवतो.

त्याने डबा चालू केला. स्क्रीनवर चोवीसशेला एक कमी. बंद केला, चालू केला. एक कमी. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी तोच आकडा, जणू छापून ठेवलेला. त्याच्या अख्ख्या नोकरीत त्याचा बोर्ड इतका चांगला वागला नसेल. चहाचे पेले थांबले.

ल्यू म्हणाला, "इंजिनिअर, हे तर फारच अचूक आहे. मंडळासाठी एक बनवून द्या."

कुणी हसलं नाही. मी बायकांच्या बाकावर बसले होते आणि माझ्या शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला, आजाऱ्याच्या नातेवाइकाला ठेवतात तसा.

तेव्हा चोंग काका उठले. ते बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांना स्वतःच्या हाताने पाटी फिरवायची नव्हती. डब्याभोवती फिरून त्यांनी हिरवं पाकीट उचललं, चष्मा वर करून मागची तारीख वाचली आणि ते सगळ्यांना दाखवलं. तारीख उलटून गेली होती. शर्यतीच्या आधीच.

खोलीत जो सुटकेचा आवाज झाला तो मी विसरणार नाही. सगळे एकदम बोलायला लागले. एकाच्या मेव्हण्याच्या कारखान्यात असंच झालं होतं, रात्रपाळीवाल्याने पाकीट खाऊन टाकलं आणि सकाळी सगळी लाइन बंद. दुसऱ्याने सांगितलं की दवाखान्यात तर पाकिटं बदलायला वेगळा माणूस आहे. ल्यूसुद्धा पाकीट हातात घेऊन तारीख बघत होता आणि तो म्हणाला की बरोबर आहे, जुनं पाकीट असेल तर यंत्राला काय बोल लावणार. चोंग काका म्हणाले की मग ही लबाडी नाही, निष्काळजीपणा आहे, दुसरा नंबर रद्द करू आणि विषय संपवू. बाबांनी रुई-थांगकडे पाहून हळूच मान हलवली. बस, घरी चल.

कुठलाही शहाणा माणूस पाकीट खिशात घालून घरी गेला असता. माझ्या नवऱ्याकडून ती अपेक्षा नव्हती, पण निदान त्या एका दिवसापुरती मी आशा करत होते. तो कीबोर्डाच्या वायरीकडे बघत होता. वायर हातात धरून त्या गोल पिनेकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं हा आता तीही काढून पुन्हा घालणार.

"पाकिटाचा दोष नाही," तो म्हणाला. "ढाबळीवरचा कीबोर्ड कुणी आणेल का?"

भाऊ स्कूटरवर जाऊन घेऊन आला. कळांमध्ये दाण्याचा भुसा आणि एक करडं पीस अडकलं होतं. रुई-थांगने गोल पिनेचा काढून तो लावला आणि डबा चालू केला. चोवीसशे पाच. बंद केला, चालू केला. एक कमी. हा नेहमीचा, बरोबर आकडा. मग चोवीसशे चार. मग सहा. एकेक आकडा तो मोठ्याने वाचत होता आणि वाचताना त्याचा चेहरा असा होत गेला की जणू त्याच्याच घरातून चोरीचा माल निघतोय.

मग त्याने सांगितलं. वैद्य नाडी मोजत असताना दारात कुणीतरी हाक मारतं आणि तो क्षणभर उठून जातो. परत येऊन बघतो तर वाळू मघाशीच संपलेली, नाडी मात्र मधल्या वेळातही चालूच होती आणि तेही ठोके हिशेबात धरले गेले. म्हणजे मिनिटाचे ठोके जास्त मोजले गेले. मग तो नाडीवरूनच वेळ सांगायला लागला, तर प्रत्येक मिनिटाला जास्त ठोके पडायची वाट बघणार आणि मागे पडणार. इथे हाक मारणारा म्हणजे बोर्डावरचा एक छोटा प्रोग्रॅम. नव्या पद्धतीचा कीबोर्ड असला की कुणी कळ दाबली का, हे बघायला तो मधेच प्रोसेसरला उठवतो. जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डला त्याची गरज पडत नाही.

"मग हा प्रोग्रॅम कुणी तपासला नाही का?" ल्यूने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तपासला की. मीच तपासला. गोल पिनेच्या कीबोर्डने." रुई-थांगने तो उचलून दाखवला. "आमच्या खोलीत दुसरा कीबोर्डच नाही. जगात जेवढे हे बोर्ड गेलेत त्यांच्यावर माझी सही आहे. सासऱ्यांनी काटे फिरवले नाहीत. त्यांना तर बटण कुठलं हेही माहीत नाही."

बाबा उठले. सभेत बोलायला ते कधी उठत नसत.

"चोंग, लिहून घे," ते म्हणाले. "माझ्या घरात लबाड कुणी नाही. अर्धवट आहे, तो हा जावईबापू."

आता मात्र खोली हसली आणि सगळ्यात आधी रुई-थांग हसला. पाटीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. उरला मावशीच्या नंबराचा प्रश्न. चोंग काका अजूनही नंबर रद्द करायला तयार होते, पण रुई-थांगला आता थांबवणं शक्य नव्हतं. सकाळी चालू केल्यापासून काकांनी संध्याकाळी तपासेपर्यंत डबा सारख्याच चालीने मागे पडला, तेव्हा दुपारी मावशी आली त्या वेळी तो किती मागे होता ते साध्या त्रैराशिकाने निघतं. कबुतरवाल्यांना त्रैराशिक शिकवावं लागत नाही, भराभर कागद निघाले. ल्यूचं उत्तर आणि आमचं उत्तर जुळलं. मावशी सातवी.

बक्षिसं पाचापर्यंत होती. मी रुई-थांगला बाहेर विचारलं की तू पाकिटावर गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं. तो म्हणाला की तारीख उलटलेलं पाकीट ही सबब एक दिवस पुरते, पुढे लोक चहाच्या दुकानात त्यावर विचार करायला लागतात. हे तो स्वतःहून बोलला की मला मागाहून तसं वाटतंय, हे सांगता येत नाही. मला तो दिसतो त्याहून हुशार आहे असं वाटायला आवडतं.

सोमवारी ऑफिसात जाऊन त्याने स्वतःच्या नावाने स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली. साहेबांनी विचारलं की हा दोष पकडला कुणी. कबुतराने, असं सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने ग्राहक असं लिहिलं. मोजणी चालू असताना त्या प्रोग्रॅमने तोंड बंद ठेवावं, एवढीच दुरुस्ती करायची होती. ती करायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त चाचणीच्या खोलीसाठी नवे कीबोर्ड मागवायला लागला, कारण जुने अजून चालत होते.

नवीन वर्षाआधी मंडळाचं जेवण असतं. देवळाच्या अंगणात मांडव, गोल टेबलं, मोहरीच्या भाजीतलं डुकराचं मटण, उकडलेली कोंबडी आणि तिच्याबरोबर आंबट संत्र्याची चटणी. चोंग काका एकेक नंबर वाचतात आणि पाखराचा मालक उभा राहून पेला उचलतो. पाचानंतर सहसा कुणी ऐकत नाही. सातवी, पंग यांची थोरली मावशी, असं काकांनी वाचलं तेव्हा आईने खाली मान घालून कोंबडीचा तुकडा उचलला आणि बाबा उभे राहिले. ल्यू आपल्या टेबलावरून पेला घेऊन आला, बाबांच्या पेल्याला टेकवला आणि म्हणाला की हिला दुसरीवरून सातवीवर आणणारा माणूसही उभा राहू दे.

रुई-थांग उभा राहिला. टाळ्या पडल्या. तो चारी दिशांना वाकला, शेवटी स्वयंपाक्याकडेही, आणि बसताना माझ्या कानात म्हणाला, "बाबांपेक्षा मला जास्त पडल्या ना?" मी म्हटलं, मोजायचं काम तुझं.